व्हर्गोची काच कशाने तुटत होती? एक प्रकरण अभ्यास, हिंगोलीकडे बघत

इटलीत पिसा शहराजवळ काशिना नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांमधून तीन-तीन किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात जातात. नळ्यांच्या टोकांना आरसे टांगलेले आहेत. एकेक आरसा ३५ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर जाडीचा आणि ४२ किलो वजनाचा. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या आणि आरशांमधलं अंतर बदलणाऱ्या लहरी, पकडणारी युरोपची ही वेधशाळा, व्हर्गो, फ्रान्स आणि इटली यांनी मिळून उभारली. पुढे नेदरलँड्स आणि इतर देशही त्यात आले. २०१५ च्या सुमाराला तिचं नवं, अधिक संवेदनशील रूप उभं राहत होतं. त्यात प्रत्येक मुख्य आरसा चार काचतंतूंवर टांगायचा होता. तंतूची जाडी ०.४ मिलिमीटर, म्हणजे एकेका तंतूवर दहा किलोच्या वर भार.

२०१५ च्या अखेरीपासून हे तंतू तुटायला लागले.

एखादा तुटला असता तर कारागिराचा हात चुकला म्हणून सोडून दिलं असतं. पण पुन्हा टांगलेला आरसाही काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी निसटायचा. आरसे खाली पडून फुटत नव्हते, कारण त्यांच्या खाली काही मिलिमीटरवर आधार असतात. पण दर खेपेला निर्वात टाकीत हवा सोडायची, टाकी उघडायची, आरसा बाहेर काढायचा, नवे तंतू जोडायचे आणि सगळं पुन्हा बंद करून हवा उपसायची. एवढं करून पुन्हा तेच.

हे प्रकरण निवडण्याचं कारण असं, की आंतरराष्ट्रीय तांत्रिक सहकार्यात ‘उत्तम पद्धतींची देवाणघेवाण’ नावाची जी गोष्ट अहवालांत फार छान दिसते, ती प्रत्यक्षात कुठे चालते आणि कुठे अडते हे यात उघडं पडतं. दुसरं कारण जवळचं आहे. याच घराण्यातली एक वेधशाळा, लायगो-इंडिया, आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होऊ घातली आहे.

काच का?

आरसा काचेवर टांगायचा हा हट्ट कशासाठी, हे आधी कळायला हवं. ही यंत्रं अंतरातला जो फरक मोजतात तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी असतो. त्या पातळीवर तार स्वतःच्या उष्णतेनेसुद्धा थरथरताना दिसते. पोलादी तारेत आतलं घर्षण जास्त, त्यामुळे तिची थरथर सगळ्या कंप्रतांवर पसरते. पत्र्याच्या डब्यावर काठी मारली की जसा नुसता खडखडाट होतो, तसं. फ्यूज्ड सिलिका ही काच देवळातल्या घंटेसारखी आहे. तिची थरथर मोजक्या सुरांत एकवटते आणि बाकीचा पट्टा शांत राहतो. त्या शांत पट्ट्यात कृष्णविवरांचा आवाज ऐकायचा असतो.

काच ओढ सोसेल का, ही शंका साहजिक आहे, पण नुकताच ओढलेला काचतंतू ताकदीत पोलादाला भारी पडतो. त्याचा वैरी एकच, पृष्ठभागावरचा ओरखडा. फोटोफ्रेम करणारा काचवाला काय करतो ते आठवा. हिऱ्याच्या टोकाने एक रेघ ओढतो, टकटक करतो, आणि काच त्या रेघेवर सरळ तुटते. ताणलेल्या तंतूवर तशी रेघ पडायला हिराही लागत नाही. म्हणून हे तंतू बनवल्यापासून बसवेपर्यंत त्यांच्या मधल्या भागाला कुणाचाही, कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही हा या कामातला पहिला नियम.

ही विद्या व्हर्गोने एकट्याने शोधलेली नाही. तिचा उगम मुख्यतः ग्लासगो विद्यापीठातला, आणि पहिला मोठा वापर जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या जिओ ६०० या वेधशाळेत झाला. जिओच्या भुजा फक्त ६०० मीटर लांब. मोठा शोध तिच्या नावावर लागण्याची शक्यता पहिल्यापासून कमी होती, आणि तिथल्या लोकांनी ते ओळखून वेगळी भूमिका घेतली. आपल्याकडे एखादा शेतकरी नवं बियाणं आधी बांधाकडेच्या दोन वाफ्यांत लावून बघतो, तसे ते वाफे म्हणजे जिओ. काचतंतूंवरचा लोलक तिथे आधी चालवून पाहिला गेला. ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश, म्हणजे प्रकाशातला क्वांटम गोंगाट दाबण्याची युक्ती, २०१० पासून तिथे नित्याची झाली. मग ही तंत्रं मोठ्या वेधशाळांकडे गेली. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही ठिकाणी, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला आणि लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला, लेझरने काच वितळवून तंतू ओढण्याची पद्धत ग्लासगोकडून पोचली. शोधनिबंधांबरोबर माणसंही गेली, कारण तंतू जोडताना ज्वालेऐवजी लेझरचा ठिपका किती वेळ कुठे धरायचा हे कागदावर वाचून कुणालाही जमलेलं नाही.

त्या काचतंतूंवर टांगलेल्या ४० किलोच्या आरशांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर टिपली. म्हणजे व्हर्गोत काच तुटत होती तेव्हा अटलांटिकपलीकडे तीच काच, जवळपास त्याच जाडीची, इतिहास घडवून बसली होती.

संशय कुणावर?

काहीतरी बिघडलं की आधी जिथे बिघडलं त्याच विभागाकडे बोट दाखवलं जातं. तंतू तुटतोय ना, मग तंतूवाल्यांना विचारा. काचेचा दर्जा, ओढण्याची पद्धत, तंतू आरशाला जोडणारे काचेचेच छोटे खूर, चिकटवण्याची क्रिया, सगळं तपासलं गेलं. तपासायला हवंच होतं. पण लायगोतली काच टिकते आहे ही गोष्ट डोळ्यांसमोर असताना काचेवरचा आळ फार काळ धरून ठेवता येत नव्हता.

सूत्र सापडलं ते वेगळ्याच निरीक्षणातून. तंतू तुटत होते ते निर्वातात. हवेत टांगून ठेवलेले नमुने शाबूत राहत. विचार केला तर हे उलटं वाटतं, कारण हवेत आर्द्रता असते, धूळ असते, माणसं वावरतात. निर्वात म्हणजे तर सगळ्यात सुरक्षित जागा.

शेवटी दोषी निघाले पंप. निर्वात टाकी रिकामी करण्याच्या पहिल्या टप्प्यात वापरले जाणारे स्क्रोल पंप. यात एकमेकांत गुंतलेल्या दोन सर्पिल पाती असतात, एक स्थिर आणि एक घुमणारी. त्या दोघींमध्ये हवा कोंडून बाहेर ढकलली जाते. तेल लागत नाही, म्हणून स्वच्छ कामासाठी हे पंप चांगले मानले जातात. पण पातींच्या कडेचं सील झिजतं आणि त्याची बारीक भुकटी होते. ही भुकटी निर्वात व्यवस्थेत शिरली होती. हवा सोडताना वायूच्या झोताबरोबर तिचे कण उडत, आणि ताणलेल्या काचतंतूवर एखादा कण आपटला की काचवाल्याची ती रेघ पडलीच. तंतू त्याच क्षणी तुटेल असंही नाही. भाराखाली ओरखडा हळूहळू वाढतो. त्यामुळे गुन्हा एका दिवशी आणि प्रेत दुसऱ्याच दिवशी, अशी गत होती, आणि शोध लांबला तो त्यामुळेच असं मला वाटतं.

इलाज पुढे सरळ होता, वेळखाऊ असला तरी. पंप बदलले, हवा आत सोडण्याची व्यवस्था सुधारली, आतली सफाई झाली आणि तंतूंभोवती संरक्षक आवरणं बसवली. पण हे सगळं पूर्ण होईपर्यंत थांबायचं का, हा प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता.

मागे जाण्याचा निर्णय

लायगोची दुसरी निरीक्षण फेरी ३० नोव्हेंबर २०१६ ला सुरू झाली. ती २०१७ च्या ऑगस्टअखेर संपणार होती. व्हर्गो तिच्यात सामील होणार हे ठरलेलं होतं. काचेची दुरुस्ती नीट करायची तर ती संधी हुकणार. व्हर्गोने आरसे पोलादी तारांवर टांगायचं ठरवलं.

या निर्णयाची किंमत काय होती ते बघा. वर्षानुवर्षं ज्या तंत्रासाठी खपले ते बाजूला ठेवून मागच्या पिढीच्या तंत्राकडे परत जायचं, आणि तेही जाहीरपणे, भागीदारांसमोर. तारांचा गोंगाट जास्त, म्हणजे यंत्र ठरलेल्यापेक्षा कमी दूरवर ऐकणार. व्हर्गोची पोच साधारण नऊ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास राहिली, लायगोच्या लिव्हिंग्स्टन यंत्राच्या तुलनेत तिसरा हिस्सा. बऱ्याच संस्थांत असा प्रस्ताव मांडणाऱ्याला ‘पराभूत मनोवृत्ती’ म्हणून गप्प बसवलं गेलं असतं.

१ ऑगस्ट २०१७ ला व्हर्गो निरीक्षणात सामील झाली. फेरी संपायला २५ दिवस उरले होते.

१४ ऑगस्टला दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर तिन्ही यंत्रांनी टिपली. तीन यंत्रांनी मिळून पकडलेली ही पहिलीच. केवळ लायगोच्या दोन यंत्रांवरून स्रोताची जागा आकाशात ११६० चौरस अंशांच्या पट्ट्यात येत होती. व्हर्गो धरल्यावर ती ६० वर आली. तीन दिवसांनी, १७ ऑगस्टला, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत पाहिला. त्या दिवशी व्हर्गोत संकेत जवळजवळ दिसलाच नाही. पण त्याचाच उपयोग झाला. चालू यंत्राला जी लहर ऐकू येत नाही ती त्याच्या अंध दिशेतून आलेली असणार, म्हणून आकाशाचा शोधायचा तुकडा १९० चौरस अंशांवरून ३१ वर आला. लहर आल्यापासून अकरा तासांच्या आत चिलीमधल्या एका दुर्बिणीला एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पुढच्या काही महिन्यांतली रेडिओ निरीक्षणं करणाऱ्यांत नारायणगावजवळच्या खोडदची आपली जीएमआरटीही होती.

पोलादी तारांवरच्या, ठरल्यापेक्षा कमकुवत व्हर्गोने हे केलं. तिथल्या आरशांच्या वरची कंपनरोधक साखळी ज्यांच्या कल्पनेतून आली ते अदालबेर्तो जाझोत्तो त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. हे सगळं त्यांना पाहायला मिळालं.

२०१८ मध्ये काच परत आली. १ एप्रिल २०१९ ला तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा व्हर्गोचे आरसे काचतंतूंवर होते, आणि शिवाय हॅनोव्हरहून आलेलं स्क्वीझ्ड प्रकाशाचं यंत्रही कामाला लागलं होतं. जिओच्या वाफ्यातलं दुसरं बियाणं.

आधी कुणी का सांगितलं नाही?

या प्रश्नापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घुटमळलो. काचतंतूंची विद्या तीन देशांत फिरली होती. तिच्यावर निबंध होते, आराखडे होते, ती करणारी माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती. स्क्रोल पंप तर जगभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं आहेत, त्यांचं सील झिजतं हे कुठलाही निर्वाताचा तंत्रज्ञ सांगेल. दोन्ही गोष्टी माहीत होत्या. पण एक टांगणीच्या वहीत आणि दुसरी पंपाच्या वहीत.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. उत्तम पद्धती विभागवार लिहिल्या जातात, कारण माणसं विभागवार काम करतात. टांगणीचा तज्ज्ञ टांगणीबद्दल जे यशस्वी झालं ते लिहितो. त्याच्या जागी कोणता पंप होता, हवा किती वेगाने सोडली जायची, टाकीचं तोंड कुठल्या बाजूला होतं, हे तो लिहीत नाही, कारण त्याच्या लेखी ते ‘टांगणी’त मोडतच नाही. पद्धत दुसऱ्या देशात जाते तेव्हा ही न लिहिलेली परिस्थिती मागेच राहते. नव्या घरात सासूची आमटी का जमत नाही, तर कृती तीच असते, पाणी वेगळं असतं.

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ती खरी होण्याला एक अट आहे, जी म्हणीत सांगितलेली नाही. पुढच्याने ‘अगं आई गं’ म्हणून ओरडायला हवं. तो ठेच गिळून, रक्त पुसून पुढे गेला आणि वर मुक्कामी पोचल्यावर ‘रस्ता उत्तम होता’ असं सांगितलं, तर मागचा तिथेच आपटणार. मोठ्या प्रकल्पांच्या अहवालांत ‘रस्ता उत्तम होता’ हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सापडतं. निधी देणाऱ्यासमोर कोण ओरडणार?

व्हर्गो ओरडू शकली. त्याला स्वभावापेक्षा व्यवस्था जास्त कारणीभूत आहे. लायगो आणि व्हर्गो एके काळी प्रतिस्पर्धी होत्या, पहिली लहर कोण पकडतो याची चुरस होती. २००७ मध्ये त्यांच्यात करार झाला, त्यानुसार विदा, म्हणजे यंत्रांनी नोंदवलेला डेटा, एकत्र वापरायची आणि निबंध एकत्र प्रसिद्ध करायचे. हे कलम वरवर श्रेयवाटपाचं दिसतं. पण त्याने हिशेबच बदलला. व्हर्गो बंद राहिली तर आता नुकसान लायगोचंही होतं, कारण तिसऱ्या यंत्राशिवाय आकाशात जागा नीट सापडत नाही. ज्याच्या अपयशाची झळ आपल्याला बसते त्याची अडचण माणूस कान देऊन ऐकतो, आणि सांगणाऱ्यालाही ‘हे आपल्याविरुद्ध वापरतील’ ही भीती राहत नाही. पुढे जपानची काग्रा वेधशाळा २०१९ मध्ये याच करारात आली.

दुसरी गोष्ट नोंदवह्यांची. लायगोच्या दोन्ही ठिकाणच्या आणि व्हर्गोच्या रोजच्या कामाच्या वह्या इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. रात्रपाळीच्या माणसाने काय बघितलं, कुठला झडपेचा स्क्रू सैल होता, किती वाजता यंत्र ‘लॉक’वरून, म्हणजे मोजणीच्या स्थिर अवस्थेतून, सुटलं, सगळं तारीखवार. वाचायला कंटाळवाणं आहे, पण ठेच लागल्या लागल्या निघालेला आवाज तिथेच असतो, नंतर सभ्य भाषेत धुऊन काढलेला नसतो. याशिवाय प्रत्येक कागदाला क्रमांक देऊन साठवणारी मध्यवर्ती व्यवस्था आहे. पहिल्या शोधाच्या निबंधाचा तिथला क्रमांक पी १५०९१४ असा, शोधाच्या तारखेवरूनच घेतलेला.

वहीचा उपयोग कसा होतो याचं गंमतीदार उदाहरण हॅनफर्डचं. २०१७ मध्ये तिथल्या विदेत अधूनमधून बारीक ठोके दिसायला लागले. कारण शोधता शोधता गाडी बाहेरच्या एका नळीवर आली. द्रव नायट्रोजनच्या व्यवस्थेतली ही नळी गार पडून तिच्यावर बर्फ धरायचा. वाळवंटी मुलुख, उन्हाळा, आणि तहानलेले डोमकावळे. ते बर्फाला चोची मारत, बर्फात खुणाही सापडल्या. मग लोकांनी स्वतः बर्फ टोचून तसाच ठोका विदेत उमटतो का ते पाहिलं. उमटला. नळीवर आवरण घालून बर्फ धरणं थांबवलं. कावळ्यांचं पुढे काय झालं ते वहीत नसावं.

लिव्हिंग्स्टनची गोष्ट कमी विनोदी आहे, पण जास्त कामाची. तिथे आजूबाजूला पाइनची जंगलं, लाकूडतोड दिवसभर चालू आणि जवळून मालगाड्या. जुन्या यंत्राला दिवसा स्थिर राहणंच जमेना. पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेली हायड्रॉलिक कंपनरोधक व्यवस्था २००४ च्या सुमाराला घाईने तिथे बसवली. शांत हॅनफर्डला तेव्हा तिची गरज पडली नाही. पण नव्या पिढीच्या यंत्रात ती दोन्हीकडे आली. एका ठिकाणची गैरसोय दुसऱ्या ठिकाणच्या पाया-आराखड्यात गेली.

सरावाचाही उल्लेख करायला हवा. १६ सप्टेंबर २०१० ला यंत्रांच्या विदेत एक संकेत आला. संपूर्ण चमूने सहा महिने विश्लेषण केलं, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर लिफाफा उघडला, तर संकेत मुद्दाम घातलेला, बनावट. हे होऊ शकतं हे सगळ्यांना आधी माहीत होतं, कधी होईल ते माहीत नव्हतं. सहा महिन्यांची मेहनत वाया गेली असं ज्यांना वाटलं त्यांचा राग समजू शकतो. पण कुठली समिती कुठे अडकते, कुणाची सही उशिरा येते, हे खऱ्या लहरीच्या आधी कळलं.

एक उलटी बाजू. सगळ्यांनी एकच उत्तम पद्धत उचलली की सगळ्यांचा दोषही एकच होतो. लायगो आणि व्हर्गो, दोघींच्या आरशांवरचे लेप फ्रान्समध्ये ल्यों शहरातल्या एकाच प्रयोगशाळेत दिले जातात. त्याहून चांगलं काम दुसरीकडे होत नाही, म्हणून तो निर्णय बरोबरच. पण लेपाच्या अंगचा गोंगाट दोघींनाही अडवतो, आणि तिसऱ्या फेरीच्या सुमाराला लायगोच्या आरशांच्या लेपात प्रकाश शोषणारे सूक्ष्म ठिपके सापडले तेव्हा पर्यायी दुकान नव्हतं.

औंढ्याला काय येणार?

लायगो-इंडियाची कथा वळणावळणाची आहे. हॅनफर्डला मुळात दोन यंत्रं होती. नव्या पिढीतलं त्यांपैकी एक दुसऱ्या देशात हलवावं, म्हणजे आकाशात जागा शोधणं सोपं होईल, असा विचार निघाला. आधी ऑस्ट्रेलियाला विचारलं गेलं, २०११ मध्ये तिकडून नकार आला. भारतात २००९ पासून इंडिगो नावाने शास्त्रज्ञ एकत्र आलेले होते. लहरीचा साचा आधी गणिताने बांधून तो विदेत शोधायच्या कामात पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचं काम त्याच्याही कितीतरी आधीचं. पहिल्या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली, सहा दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली, आणि पूर्ण मंजुरीला, सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या, एप्रिल २०२३ उजाडला. काम चार संस्थांत वाटलेलं आहे. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, आणि बांधकामासाठी अणुऊर्जा विभागाचं मुंबईचं संचालनालय.

वाटणी वाचताच व्हर्गो आठवते. निर्वात व्यवस्था गांधीनगरकडे, आरसे आणि टांगणी इंदूरकडे, म्हणजे दोन वह्या दोन राज्यांत. या दोन्ही वह्या एकाच टेबलावर उघड्या ठेवून कोण वाचणार, त्या माणसाचं पद काय, आणि पंपाचा प्रकार बदलला तर टांगणीवाल्याला त्याच दिवशी कळणार का, हे मी पहिल्या बैठकीत विचारलं असतं. व्हर्गोच्या धुळीची गोष्ट तिथल्या सगळ्यांना माहीत असेलच. प्रश्न पुढच्या, अजून न घडलेल्या गोष्टीचा आहे.

कारण यंत्र हॅनफर्डचं असलं तरी माती औंढ्याची आहे. आठ किलोमीटर नळी ज्या जमिनीवरून जाणार ती बेसॉल्टवरच्या काळ्या मातीची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि आषाढात फुगणारी. हॅनफर्डचा वाळवंटी कोरडेपणा किंवा लुइझियानाची दलदल यांवरून काढलेले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. अमेरिकेतल्या नळ्यांनी उष्णतारोधक आवरणात वस्ती केलेल्या उंदरांचा आणि त्यातून आलेल्या गंजाचा अनुभव घेतलेला आहे. तो धडा इथे उपयोगी पडेल, उंदीर सगळीकडे सारखेच. वानरांबद्दल मात्र हॅनफर्डच्या वहीत काही सापडणार नाही.

भूकंपाचंही तसंच. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला आणि डोंगराखाली असलेल्या काग्राच्या टांगण्यांचं नुकसान झालं, निरीक्षण लांबलं. त्याच वर्षी मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. घरं हलली, लोक बाहेर आले. किल्लारी विसरलेला माणूस मराठवाड्यात नाही. जपानी अभियंत्यांनी कोणता आधार आधी निसटला, कोणता टिकला, हे लिहून ठेवलेलं टिपण औंढ्यासाठी कुठल्याही चकचकीत मार्गदर्शिकेपेक्षा मोलाचं आहे, आणि ते आरसे टांगण्याआधी वाचायला हवं.

राहता राहिली वही. ती इंग्रजीत लिहिली जाणार, त्याला इलाज नाही. हॅनफर्ड, काशिना, काग्राचं कामिओका सगळ्यांनी वाचायची आहे. पण औंढ्याला रात्री दोन वाजता नळीच्या बाजूने बॅटरी घेऊन फिरणारा सुरक्षारक्षक, जनरेटरवरचा वायरमन, टँकरवाला, हे दुधाळा, औंढा, वसमतकडचे असणार. कावळा बर्फाला चोच मारतोय हे पहिल्यांदा त्यांच्याच डोळ्यांना दिसणार. ‘साहेब, त्या टोकाला रात्री काहीतरी टकटक वाजतं’ हे वाक्य मराठीत बोललं जाईल, चहाच्या टपरीवर. ते ऐकणारा आणि त्याच रात्री वहीत उतरवणारा माणूस कोण, याची जागा पदनिर्मितीच्या तक्त्यात आहे का?